शेवटच्या प्रवेशातली गळाभेट

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

हिंसा होऊन गेलेल्या त्या दोन वस्त्यांत नाटक करायला तू निघाली आहेस, त्या नाटकाची तुझी संहिता दोनदा वाचली. पहिले तीन प्रवेश चांगले उतरलेत, त्यांना हात लावू नकोस. शेवटचा मात्र काढून टाक. दोन्ही वस्त्यांमधली माणसं रंगमंचाच्या मधोमध येतात, एकमेकांना मिठी मारतात आणि दिवे मंदावतात. तू ते मनापासून लिहिलंयस, हे दिसतं. पण समोर बसलेल्यांत अशी बाई असेल जिच्या घरातलं माणूस परत आलंच नाही, आणि ज्यानं ते नेलं तो दोन रांगा सोडून बसलेला असेल. तिला आपण सांगणार की हे असं विसरायचं असतं. तिच्याच्यानं ते होणार नाही, आणि घरी जाताना तिला वाटेल की खोट आपल्यातच आहे. तिच्यावर हे ओझं टाकायचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.

युद्धानंतरची गळाभेट म्हटलं की मला महाभारतातलं स्त्रीपर्व आठवतं. अठरा दिवस संपलेत, पांडव धृतराष्ट्राला भेटायला आलेत. म्हाताऱ्यानं युधिष्ठिराला जवळ घेतलं आणि मग भीमासाठी हात पसरले. कृष्णानं ओळखलं. त्यानं भीमाला मागे ओढलं आणि लोखंडी पुतळा पुढे केला. धृतराष्ट्रानं तो छातीशी आवळून चुरडला, स्वतः रक्त ओकला, आणि मग भीम मेला असं समजून रडायला लागला. शंभर मुलं गमावलेल्या बापाचा राग खोटा नव्हता. तो कुठेतरी उतरणारच होता. कृष्णानं आधी पुतळा पुढे केला, उपदेश नंतर केला. हा क्रम लक्षात ठेव.

तू जे काम करायला निघाली आहेस ते या पुतळ्याचं काम आहे, असं मला वाटतं. दोन माणसांच्या मध्ये ठेवता येईल असं काहीतरी घडवायचं. एखादा मुखवटा, एखादी बाहुली, एखादी भलत्याच काळातली गोष्ट, ज्यावर राग काढला तर कोणी मरणार नाही.

दक्षिण आफ्रिकेत 1996 साली डेस्मंड टूटू यांच्या अध्यक्षतेखाली सत्य आणि सलोखा आयोगाच्या, म्हणजे वर्णद्वेषी राजवटीच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या आयोगाच्या, जाहीर सुनावण्या सुरू झाल्या. आपल्या माणसांचं काय झालं ते लोक भर सभागृहात सांगत होते. पुढच्याच वर्षी चित्रकार-दिग्दर्शक विल्यम केंट्रिज आणि हँडस्प्रिंग पपेट कंपनीनं या आयोगावर नाटक केलं. साक्षीदारांच्या भूमिका नटांना द्यायच्या कशा, हा त्यांच्यापुढचा पेच होता. मुलाचं प्रेत ओळखणाऱ्या आईचं रडणं नटीनं रडून दाखवायचं? त्यांनी साक्षीदार लाकडी बाहुल्या केल्या. बाहुली चालवणारे लपलेले नव्हते. ते तिच्या शेजारीच, उघड्या चेहऱ्यानं, तिच्याकडे बघत उभे. आपण ‘सूत्रधार’ हा शब्द इतका वापरतो की त्यातला दोरा विसरून जातो. इथे हात दिसत होता, लाकूड दिसत होतं, ही बाई खरी नाही हे प्रेक्षकाला सतत कळत होतं, आणि म्हणूनच तिचे शब्द खऱ्या बाईचे आहेत हे जास्त टोचत होतं. शिवाय ज्यांची ती साक्ष होती त्यांना रोज रात्री येऊन ते पुन्हा भोगावं लागत नव्हतं.

मला हे फार उशिरा कळलं, आणि ते कळण्याची किंमत दुसऱ्या कोणीतरी मोजली. सुरुवातीच्या वर्षांत मी एक शिबिर घेतलं होतं. पन्नाशीचा एक गृहस्थ दोन दिवस गप्प बसून होता. तिसऱ्या दिवशी तो आपणहून बोलायला लागला, भावाबद्दल. काय बोलला ते मी कधी कोणाला सांगितलेलं नाही, तुलाही सांगणार नाही. बोलताना त्याच्या हातात पाण्याच्या बाटलीचं झाकण होतं. ते तो लावत होता, काढत होता, लावत होता, काढत होता. त्याचं संपलं तेव्हा कोणी हललं नाही. आणि माझ्या तोंडून निघालं, “छान. परत एकदा घेऊ या, या वेळी जरा सावकाश.”

तालमीची सवय. दिवसातून वीस वेळा म्हणते मी ते वाक्य.

त्यानं परत घेतलं. सावकाश. पहिल्या वेळी लोकांनी श्वास कुठे रोखला होता ते त्याला आता माहीत होतं, तिथे तो बरोबर थांबला. झाकण खाली पडलेलं होतं, हात मोकळे होते, कारण आता ते हातवारे करत होते. नाटक म्हणून बघशील तर दुसरी खेप पहिलीपेक्षा सरस होती. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. त्याच्या शेजारच्या बाईंकडून निरोप आला, “ते म्हणाले, आता ती गोष्ट माझी वाटत नाही.”

म्हणून सांगते, ज्याची गोष्ट त्याच्याकडून ती ‘परत’ मागायची नाही. भोगलेल्या माणसांनी स्वतः रंगमंचावर उभं राहूच नये, असं माझं म्हणणं नाही. उत्तर आयर्लंडमध्ये तिथला सशस्त्र संघर्ष मिटवणाऱ्या 1998 च्या शांतता करारानंतर अकरा वर्षांनी, 2009 पासून, डेरी शहराच्या प्लेहाऊस नाट्यगृहात नाट्यदिग्दर्शिका टेया सेपिनक यांनी असेच प्रयोग उभे केले. त्यात ज्यांनी हिंसा भोगली आणि ज्यांचा तिच्यात हात होता अशी माणसं स्वतःचीच गोष्ट सांगत. पण त्यामागे दीर्घ मुलाखती होत्या, आणि लढाई थांबून दहाहून जास्त वर्षं लोटलेली होती. तुझ्याकडे दहा दिवस आहेत. दहा दिवसांत बाहुली होईल, साक्ष होणार नाही.

जुनी किंवा दूरची गोष्ट का घ्यायची, असं तू विचारलंस. अथेन्सचं उदाहरण घे. इ.स.पू. 494 मध्ये इराण्यांनी मिलेटस हे अथेन्सशी नातं सांगणारं ग्रीक शहर धुळीला मिळवलं. फ्रिनिकसनं लगेच त्यावर नाटक लिहिलं. इतिहासकार हेरोडोटस सांगतो की सगळं प्रेक्षागृह रडलं, आणि घरचं दुःख उकरून काढलं म्हणून नाटककाराला 1000 द्राख्म दंड झाला, नाटकावर बंदी आली. पुढे इ.स.पू. 472 मध्ये एस्किलसनं त्याच शहरात, त्याच शत्रूबद्दल नाटक केलं. तो स्वतः इराण्यांविरुद्ध मॅरेथॉनच्या लढाईत लढलेला, सलामिसच्या लढाईत त्यांना हरवून आठच वर्षं झालेली. त्यानं प्रवेश लावला इराणच्या राजवाड्यात. मुलाची वाट बघणारी राणी, मेलेल्या सरदारांची नावं घेत येणारा दूत. अथेन्सनं शत्रूच्या आईचं रडणं बसून ऐकलं आणि नाटकाला पहिलं बक्षीस दिलं.

मला हे फार मोठं वाटतं. पण ते जिंकलेले होते, हेही सांगायला हवं. जिंकलेल्याला दुसऱ्याच्या दुःखापर्यंत जाणं सोपं जातं. तुझ्या दोन वस्त्यांपैकी कुठली स्वतःला हरलेली समजते ते आधी शोध. तिच्याकडून पलीकडच्यांच्या आईसाठी अश्रू मागू नकोस. तिचं स्वतःचं अजून ऐकून व्हायचंय.

आता सुरक्षिततेबद्दल. हे तुला आवडणार नाही. श्रीलंकेत यादवी युद्धाच्या काळात बिंदुनुवेवा इथे पकडलेल्या तमिळ तरुणांसाठी पुनर्वसन छावणी होती. जेम्स थॉम्सन या ब्रिटिश नाट्यकर्मींनी 2000 साली तिथे नाट्यशिबिर घेतलं. काही महिन्यांनी, 25 ऑक्टोबरला, आसपासच्या सिंहली लोकांचा जमाव पोलीस हजर असताना आत घुसला आणि त्यानं दोन डझनांहून जास्त जणांना ठार मारलं. शिबिरामुळे हे झालं, असं मी म्हणत नाही. पण थॉम्सन पुढे कित्येक वर्षं स्वतःच्या कामाला प्रश्न विचारत राहिले. आत आपण खेळ खेळत होतो तेव्हा कुंपणाबाहेरच्या गावाला काय वाटत होतं? तुझ्या अर्जात सहभागींची संख्या आहे, दिव्यांची यादी आहे, कुंपणाबाहेरच्यांबद्दल एक ओळ नाही. प्रयोग संपल्यावर कोण कुठल्या रस्त्यानं घरी जाणार, कोणाचा फोटो काढायचा नाही, तू परतल्यावर कोणी कोणाला धमकावलं तर तिथे राहणारं कोण मध्ये पडेल, हे लिहिल्याशिवाय जाऊ नकोस.

काम झालं की नाही हे कशावरून ओळखायचं, हा तुझा शेवटचा प्रश्न. रवांडात 1994 मध्ये रेडिओवरून तुत्सी जमातीविरुद्ध द्वेष पेरला गेला. सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. त्याच देशात 2004 पासून ‘मुसेकेवेया’ म्हणजे ‘नवी पहाट’ ही रेडिओमालिका सुरू झाली. दोन काल्पनिक गावं, त्यांच्यातलं वैर आणि त्यांच्यातली प्रेमकहाणी. एलिझाबेथ लेव्ही पालक या मानसशास्त्रज्ञांनी वर्षभर तिच्या श्रोत्यांचा अभ्यास केला. काहींना ही मालिका ऐकवली, काहींना आरोग्यावरची. निष्कर्ष 2009 मध्ये छापून आले. माणसांच्या मनातली स्वतःची मतं फारशी बदलली नव्हती. बदललं होतं ते आपल्या समाजात काय चालतं, काय चालत नाही याबद्दलचं त्यांचं आकलन. दुसऱ्या जमातीत लग्न करू नये असं वाटत असेल, पण चारचौघांत तसं म्हणायला जीभ अडखळायला लागते. आणि पटत नसेल तर तसं बोलून दाखवायचा धीर येतो.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हिरमुसले होते. आता मला ते पुष्कळ वाटतं. मन वळवायला आपण पुरे पडत नाही. पण उघडपणे द्वेषाचं बोलणाऱ्यापुढे चार माणसं गप्प न बसण्याइतकं वातावरण आपण करू शकतो. न्याय, हरवलेल्यांचा शोध, जमिनीचे कागद ही कामं मात्र नाटकाच्या आवाक्यातली नाहीत. कोणी तुझ्या प्रयोगाचे फोटो दाखवून ती टाळायला लागलं तर प्रयोग थांबव.

महाभारतात युद्धानंतर पंधरा वर्षं धृतराष्ट्र पांडवांच्या घरात राहिला. वरवर सगळं आलबेल. पण भीम त्याला ऐकू जाईल असे दंड थोपटायचा, याच दंडांनी तुझी मुलं मारली म्हणायचा. शेवटी म्हातारा वनात निघून गेला. त्यानंतर कुठे, गंगेच्या काठी, व्यासांनी मेलेल्यांना एका रात्रीसाठी पाण्यातून वर आणलं. त्या रात्री खरी गळाभेट आहे. दोन्हीकडचे मेलेले आणि मागे राहिलेले भेटतात, कोणाच्या मनात वैर नसतं. उजाडताना सगळे पाण्यात परत जातात.

तुझा प्रवेश कदाचित तिथला असेल. तो आत्ताचा नाही.

तिथे पोचलीस की पहिल्या आठवड्यात संहिता बाहेर काढू नकोस. दोन्ही वस्त्यांना वेगवेगळं भेट, दोन्हीकडे सारखाच वेळ दे. पहिल्यांदा एकत्र बसाल तेव्हा खुर्च्या मांडू नकोस, ढीग करून कोपऱ्यात ठेव. कोण कोणाला खुर्ची काढून देतं आणि कोण दाराजवळ बसतं ते त्याच रात्री मला लिहून कळव.

तुझी,
बाई