वाचकांचे प्रश्न : गोल्फ क्लबची पकड

प्रश्न : मी उजव्या हाताने गोल्फ खेळतो आणि खेळात नवा आहे. उजवी करंगळी डाव्या हाताच्या बोटांवर ठेवून क्लब धरायला प्रशिक्षकांनी शिकवले आहे. माझे हात लहान असल्याने स्विंग करताना क्लब हातात फिरतो, चेंडू बहुतेक वेळा उजवीकडे वळत जातो आणि सरावानंतर डाव्या अंगठ्याचे मूळ दुखते. मला कोणती पकड सोयीची पडेल?

उत्तर : दोन्ही हात एकमेकांना कसे जोडावेत, असे तुम्ही विचारले आहे, परंतु तुमच्या तिन्ही तक्रारींचे मूळ बहुधा त्याआधीच्या पायरीत, म्हणजे डाव्या हातात क्लब कोठून कसा जातो यात आहे. क्लब तळहाताच्या मधून आडवा धरला तर मूठ भक्कम वाटते, पण मनगट मोकळेपणाने वळत नाही, क्लब निसटेल या भीतीने आपण नकळत तो आवळत राहतो आणि तो सगळा ताण अंगठ्याच्या सांध्यावर येतो. म्हणून क्लब बोटांत धरायला हवा. डावा हात शरीराच्या बाजूला सैल सोडा, तो आपोआप जितका आत वळतो तितकाच वळलेला ठेवून क्लबवर आणा आणि करंगळीच्या मुळापासून तर्जनीच्या मधल्या पेरापर्यंत ग्रिप, म्हणजे क्लबच्या दांड्यावरचे रबरी आवरण, तिरपी बसवून बोटे मिटा. तळहाताचा करंगळीकडचा मांसल भाग ग्रिपच्या वर आला पाहिजे, बाजूला नव्हे. हे जमले की नाही, ते लगेच पडताळता येते. अंगठा आणि मागची तीन बोटे उघडा. वाकवलेली तर्जनी आणि वरचा मांसल भाग एवढ्यांच्याच आधाराने क्लब उचलून धरता आला, तर तो योग्य जागी आहे.

डावा अंगठा ग्रिपच्या अगदी मध्यावर न ठेवता किंचित उजवीकडे ठेवावा आणि खाली ताणण्याऐवजी थोडा वर ओढून घ्यावा. तुमच्या दुखण्यावर मी सर्वांत आधी हा बदल करून पाहीन. उजव्या तळहाताची खळगी या अंगठ्यावर अलगद बसावी; दाबून नव्हे.

चेंडू उजवीकडे वळतो, कारण फटक्याच्या क्षणी क्लबचे तोंड उघडे, म्हणजे उजवीकडे वळलेले, राहते. पवित्रा घेऊन खाली पाहा. डाव्या मुठीवरचा एकच उंचवटा दिसत असेल, तर दोन ते तीन दिसेपर्यंत हात उजवीकडे वळवा. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली रेघ तेव्हा उजव्या खांद्याकडे रोखलेली असेल. मात्र या वेळी क्लब जागचा हलता कामा नये. अनेक जण हाताबरोबर क्लबही फिरवतात, त्यामुळे प्रत्यक्षात काहीच बदलत नाही आणि दोष मात्र पकडीला दिला जातो.

आता हात जोडण्याविषयी. तुम्हाला शिकवलेली पकड हॅरी वार्डन यांच्या नावाने ओळखली जाते. 1896 ते 1914 या काळात ब्रिटिश ओपन स्पर्धा सहा वेळा जिंकणाऱ्या या खेळाडूमुळे ती सर्वत्र रूढ झाली आणि मोठ्या हातांना ती सहज साधते. दुसऱ्या प्रकारात उजवी करंगळी आणि डावी तर्जनी एकमेकींत अडकवतात. जॅक निक्लॉस आणि टायगर वुड्स यांनी हीच पकड वापरली, आणि लहान हातांना तिने चांगली एकजूट मिळते. माझ्या मते तुम्ही हिच्यापासून सुरुवात करावी, फक्त बोटे मुळापर्यंत खोल घुसवू नयेत, कारण तसे केल्यास क्लब पुन्हा तळहातात सरकतो. तरीही बोटांना त्रास झाला, तर दहाही बोटे ग्रिपवर ठेवण्याची पकड निःसंकोच स्वीकारा. संधिवात असलेल्या आणि कमी ताकदीच्या खेळाडूंना ती मानवते, आणि नियमांची तिला आडकाठी नाही.

ग्रिपची जाडीही तपासून घ्या. डाव्या हाताने क्लब धरल्यावर मधले बोट आणि अनामिका यांची टोके अंगठ्याखालच्या मांसल भागाला जेमतेम टेकली पाहिजेत. ती तेथवर पोहोचत नसतील, तर ग्रिप तुमच्यासाठी जाड आहे. टोके मांसात रुतत असतील, तर बारीक आहे. रबर जुने होऊन गुळगुळीत व टणक झाले असेल, तरीही क्लब हातात फिरतो. अशा वेळी पकड बदलण्याआधी ग्रिप बदलावी. बोटांसाठी खाचा पाडलेली ग्रिप घरच्या सरावाला उपयोगी पडते, पण तिला नियमांची मान्यता नसल्याने ती स्पर्धेत चालत नाही.

नवी पकड सुरुवातीला अवघडल्यासारखी वाटेल. अंगठ्याच्या मुळाशी दुखणे मात्र निराळे. हे बदल करूनही ते थांबले नाही, तर सराव बंद ठेवून डॉक्टरांना हात दाखवावा. नवी पकड अंगवळणी पडेपर्यंत चेंडूशिवाय, कमरेच्या उंचीपर्यंतचेच छोटे स्विंग करावेत, आणि प्रत्येक वेळी क्लब खाली ठेवून पकड नव्याने घ्यावी.