बाबांना ताप आहे

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. बाटल्या, भांडणं, आईचं रडणं हे सगळं अपेक्षितच होतं. टोचलं ते मध्येच आलेलं एक वाक्य: ‘सोमवारी सकाळी बाबांच्या ऑफिसात मीच फोन करते, त्यांना ताप आहे म्हणून.’ हा ताप माझ्या ओळखीचा आहे. आमच्या घरी तो सोळा वर्षं येत होता, बहुतेक पगाराच्या दुसऱ्या दिवशी.

त्या काळात मी बाटलीच्या लेबलावर पेन्सिलीने बारीक खूण करून ठेवायचे. संध्याकाळी बाटली उजेडात धरून किती उतरली ते बघायचं. पुढे यांना ती खूण सापडली, मग हे पाणी घालून पातळी खुणेला आणून ठेवायचे. (दोन शिकलेली माणसं आणि हा उद्योग!) जिन्यावरच्या पावलांवरून मला कळायचं, आज किती झालीय ते. माझं सगळं लक्ष त्या पावलांकडे. मुलाला फळ्यावरचं दिसत नाही, चष्मा लागलाय, हे मला त्याच्या बाईंनी सांगितलं.

एकदा रागाच्या भरात सगळ्या बाटल्या बेसिनमध्ये ओतल्या. दुसऱ्या दिवशी यांना फिट आली. तेव्हा मला माहीत नव्हतं, पण तू लक्षात ठेव: वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की काही तासांत हात कापू लागतात, दोन दिवसांच्या आत फिट येऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊन जिवावरही बेतू शकतं. दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आणि जेवणात गुपचूप दारू सोडवायची गोळी, म्हणजे डायसल्फिराम, मिसळण्याचा सल्ला कुणी दिला तर साफ नाही म्हण. ती पोटात असताना माणूस प्यायला तर उलट्या, धडधड, रक्तदाब घसरणं, काहीही होऊ शकतं. ती गोळी घेणाऱ्याला माहीत असायलाच हवी.

अल-अनॉन म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांचा गट. त्याच्या पहिल्या बैठकीत मी ऐकलं, की हे पिणं आपल्यामुळे लागलेलं नाही, आपल्या ताब्यात राहणारं नाही, आणि आपण ते बरंही करू शकत नाही. इतरांना हायसं वाटलं असेल, मला संताप आला. मग सोळा वर्षं मी काय करत होते?

पुढे लोइस विल्सनची गोष्ट कळली तेव्हा हसू आलं. तिचा नवरा बिल हा दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या दोन संस्थापकांपैकी एक. तो पिणं सोडून रोज बैठकांना जायला लागला, तर हिने चिडून त्याला चक्क बूट फेकून मारला! इतकी वर्षं त्याला सावरणं हेच तिचं काम होतं. ते दुसऱ्यांनी केलं आणि हिच्या हाती काही उरलं नाही. नवरे आत बैठकीत असायचे तेव्हा बाहेर थांबलेल्या बायका एकमेकींशी बोलू लागल्या. त्यातूनच १९५१ साली लोइस आणि तिच्या एका मैत्रिणीने अल-अनॉन उभं केलं. पिणारा पीत असो की सुटलेला, नातेवाइकांनी यायचं. फी नाही, आडनाव विचारत नाहीत. तुझ्या धाकट्या भावाच्या वयाच्या मुलांसाठी अलाटीन आहे, १९५७ पासून. पहिले काही दिवस नुसतं ऐकत बसलीस तरी चालतं.

बाबा प्यायलेले असताना वाद घालू नकोस. बोलायचं ते सकाळी, थोडक्यात, आणि आदल्या रात्री नेमकं काय घडलं तेवढंच. त्यांनी हात उगारला तर मात्र समजूत घालत थांबायचं नाही. आईला आणि भावाला घेऊन बाहेर पड. कुणाकडे जायचं ते आजच ठरव, कागदपत्रं एका पिशवीत काढून ठेव.

आणि तो फोन. ‘त्यांची नोकरी गेली तर?’ असं तू विचारलंयस. जाऊ शकते, खोटं कशाला सांगू? घरखर्चाचं आधी आईशी बोलून घे. पण तुझ्या तापामुळे ती टिकलीय म्हणून बाबांना अजून एकही सोमवार स्वतः निस्तरावा लागलेला नाही. येत्या सोमवारी तू ऑफिसला फोन करू नकोस. तिकडून आला तर ‘ते घरी आहेत, त्यांच्याशीच बोला’ एवढं म्हण आणि फोन त्यांच्या हातात दे. हात थरथरेल, तुझासुद्धा. मग कॉलेजला जा. पहिला तास चुकवू नकोस.

तुझी,
मावशी