पोलीस ठाण्याने सीसीटीव्ही फूटेज नाकारले, तर थेट उच्च न्यायालयात जाता येते का?

आपल्या प्रश्नाचा गोषवारा असा: सांगली जिल्ह्यातील एका पोलीस ठाण्यात आपल्या धाकट्या भावाला रात्रभर बसवून ठेवून मारहाण करण्यात आली, आपण माहिती अधिकारात त्या रात्रीचे सीसीटीव्ही फूटेज मागितले आणि ‘तपास सुरू आहे’ एवढेच कारण लिहून ते नाकारण्यात आले, तर आता अपील करावे की थेट उच्च न्यायालयात जावे?

मी वकिली करतो आणि अशी प्रकरणे हाताळलेली आहेत. माझ्या मते आपल्या प्रश्नात दोन वेगळ्या मागण्या एकत्र आल्या आहेत. फूटेज जपून ठेवावे ही एक आणि त्याची प्रत मिळावी ही दुसरी. प्रत मिळवण्यासाठी कायद्याने आखून दिलेल्या पायऱ्या चढाव्याच लागतात. जपणुकीसाठी मात्र थांबून चालत नाही, कारण कॅमेऱ्याचे चित्रण साठवणाऱ्या यंत्राची (डीव्हीआर) हार्ड डिस्क भरली की जुन्या चित्रणावर नवे चित्रण आपोआप चढते आणि मग अपील जिंकूनही हाती काही लागत नाही.

म्हणून जपणुकीचे काम आजच हाती घ्यावे. परमवीर सिंग सैनी विरुद्ध बलजित सिंग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी दिलेला निकाल सर्वप्रथम वाचून काढावा. प्रत्येक पोलीस ठाण्यात प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडा, निरीक्षकांची खोली, इतकेच काय स्वच्छतागृहाच्या बाहेरची जागाही कॅमेऱ्याखाली असावी, आवाजासह चित्रण व्हावे आणि ते १८ महिने टिकावे, यंत्रणेची तेवढी क्षमता नसेल तरी कोणत्याही परिस्थितीत एक वर्षापेक्षा कमी नसावे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. कॅमेरे चालू ठेवण्याची आणि चित्रणाच्या बॅकअपची जबाबदारी ठाणे प्रमुखावर टाकलेली आहे. शिवाय मानवी हक्कांचा भंग झाल्यास फूटेज सुरक्षित करून घेण्याचा हक्क पीडिताला आहे, असा फलक ठाण्याच्या दर्शनी भागात लावण्याचाही आदेश आहे. पुढच्या वेळी ठाण्यात जाल तेव्हा तो फलक आहे का, ते अवश्य पाहावे. नसल्यास तेही याचिकेत लिहिता येते.

या निकालाचा हवाला देऊन, तारीख, वेळ आणि कॅमेऱ्याची जागा नमूद करून, फूटेज जतन करण्याचा लेखी अर्ज ठाणे प्रमुख आणि पोलीस अधीक्षक या दोघांनाही द्यावा आणि आवक शिक्का मारलेली पोच घ्यावी. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवावा. इजा गंभीर असेल तर राज्य मानवी हक्क आयोगाकडेही तक्रार करावी, कारण अशा तक्रारीवर फूटेज ताबडतोब मागवून सुरक्षित ठेवण्याची मुभा आयोगाला त्याच निकालाने दिली आहे. हे सारे करूनही दाद मिळाली नाही, तर फक्त जपणुकीपुरता अंतरिम आदेश मागत राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते आणि तिथे ‘आधी माहिती अधिकारातले अपील करा’ हा आक्षेप सहसा टिकत नाही, कारण ती याचिका मूलभूत हक्काच्या भंगाविषयी असते.

प्रतीच्या मागणीचे मात्र तसे नाही. माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम २३ मुळे नकाराविरुद्ध दिवाणी दावा लावता येत नाही आणि अपिलाची सोय असताना थेट रिट केली तर उच्च न्यायालय बहुधा परत पाठवते. त्यामुळे नकार मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत जोडपत्र ‘ब’ या अपिलाच्या ठरावीक नमुन्यात, २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, प्रथम अपील करावे. ते फेटाळले गेल्यास ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरे अपील करावे. अपिलाऐवजी आयोगाकडे कलम १८ ची तक्रार करून भागेल, असा सल्ला आपल्याला कोणी ना कोणी देईलच; तो ऐकू नये. त्या तक्रारीत दंड होऊ शकतो, पण माहिती देण्याचा आदेश निघत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच ठरवून टाकले आहे.

अपिलात नेमके काय मांडावे, यावर सारे अवलंबून आहे. तपासाचे कारण देऊन माहिती नाकारण्याची मुभा देणाऱ्या, माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम ८(१)(एच) मध्ये ‘तपासाला बाधा येईल’ असे शब्द आहेत. नुसता तपास चालू असणे पुरेसे नाही, बाधा कशी येईल हे कारणांसह दाखवावे लागते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने भगत सिंग नावाच्या अर्जदाराच्या माहिती अधिकार प्रकरणात २००७ मध्ये सांगितले आहे आणि नकार योग्य होता हे सिद्ध करण्याचा भार कलम १९(५) नुसार माहिती अधिकाऱ्यावरच असतो. फूटेजमध्ये इतर लोक दिसतात, असा पवित्रा पुढे आला तर कलम १० दाखवावे. चेहरे अस्पष्ट करून उरलेला भाग देता येतो. वैयक्तिक माहितीचे कलम नोव्हेंबर २०२५ पासून बरेच कडक झाले आहे, मला तो बदल मुळीच पटलेला नाही, परंतु व्यापक लोकहित पाहून माहिती देण्याची कलम ८(२) ची तरतूद कायम आहे. याच कारणासाठी भावाच्या स्वतःच्या नावानेही एक नवा अर्ज करून ठेवावा, कारण त्याच्याच चित्रणाबाबत त्याच्यापुढे त्याच्याच खासगीपणाची ढाल धरणे कोणालाही अवघड जाईल.

आयोगाचा निर्णयही विरोधात गेला, तरच त्याला रिट याचिकेने आव्हान द्यावे. सांगली जिल्ह्याची प्रकरणे ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर येथील सर्किट बेंचकडे जातात, त्यामुळे मुंबईच्या खेपा वाचतील. याचिकेत नुसती प्रत मागून थांबू नये. फूटेजसोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्रही मागावे, कारण त्याशिवाय ती प्रत फौजदारी न्यायालयात पुरावा म्हणून वाचली जाणे कठीण असते. जालन्याच्या निवडणूक वादात, म्हणजे अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात, निवडणूक अधिकाऱ्यांकडचे व्हिडिओ चित्रण मिळाले, पण वारंवार मागूनही प्रमाणपत्र मिळेना आणि तो वाद २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आपण रीतसर मागणी केल्याचे कागद जवळ असतील, तर न्यायालय ते प्रमाणपत्र हजर करायला लावू शकते.

‘कॅमेरा बंद होता’ असे उत्तर येण्याची शक्यता मी गृहीतच धरतो. तसे झाल्यास बिघाडाची नोंद, दुरुस्तीसाठी केलेला पत्रव्यवहार आणि ठाणे प्रमुखाचे प्रतिज्ञापत्र हजर करण्याची विनंती त्याच याचिकेत करावी. आपला जतनाचा अर्ज पोहोचल्यानंतर चित्रण नाहीसे झाले असेल, तर ते पोलिसांच्या विरोधात जाणारे होते असा निष्कर्ष काढण्याची मुभा साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११९ खाली न्यायालयाला आहे, आणि त्या क्षणी शिक्का मारलेली ती पोच फूटेजइतकीच कामाला येते.