स्लॅश वळत नाहीये? आधी हे बघ

मित्रा, ट्रॅक्सस स्लॅश टू व्हील ड्राइव्ह ही रिमोटवर चालणारी (आरसी) गाडी घेतलीस ना, मग लगेच अ‍ॅल्युमिनियमचे आर्म वगैरे मागवू नकोस, वळत नाही म्हणून सगळे पहिले तेच करतात आणि पैसे वाया जातात. आधी गाडी बंद ठेव, पुढचं एक चाक हातात धर आणि डावीउजवीकडे हलव. दुसरं चाक न हलता हे लुळं हलतंय का? म्हणजे प्ले, जोडांमध्ये ढिलेपणा, आहे. बेलक्रँकमधले (सर्व्होची हालचाल पुढच्या चाकांपर्यंत नेणारा फिरता भाग) प्लास्टिकचे बुशिंग झिजतात, तिथे बॉल बेअरिंग टाक, खर्च थोडा आणि फरक लगेच कळतो. मग सर्व्हो, म्हणजे चाकं वळवणारी छोटी मोटर. कंपनीचा बारका सर्व्हो मोठ्या टायरपुढे दम सोडतो, मेटल गिअरवाला 15-20 किलो-सेंमी जोराचा घे, पण हॉर्न (सर्व्होच्या दांड्यावर बसणारा हात) 25 दातांचाच हवा, आणि जोर लावताना रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल घेणारा भाग) रीसेट होत असेल तर समज की ईएससीच्या (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) बीईसीकडून, म्हणजे रिसीव्हर-सर्व्होला वीज देणाऱ्या भागाकडून, करंट पुरत नाहीये, सर्व्हो खराब असेलच असं नाही.

आता सेटअप. थ्रॉटल दिलं की वजन मागे जातं, पुढचे टायर हलके पडतात आणि गाडी सरळच पळते, म्हणून बॅटरी जमेल तेवढी पुढे सरकव, पुढचे स्प्रिंग जरा मऊ ठेव. टो-आउट (पुढच्या चाकांची तोंडं बाहेरच्या बाजूला) एखादी डिग्री, त्याहून जास्त दिलंस तर सरळ पट्ट्यात गाडी भिरभिरते. कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकणं) निगेटिव्ह 1-2 डिग्री बास.

आणि प्लीज, एका वेळी एकच गोष्ट बदल, दोनतीन लॅप मार, मगच पुढची. टायर मातीला साजेसे नसतील तर यातलं काहीच लागू पडणार नाही, त्यामुळे तुझा ट्रॅक कसा आहे ते आधी सांग.