बजेटमध्ये शिक्षणाचा आकडा दरवर्षी वाढतो, मग आमच्या झेडपी शाळेला पैसे का नसतात?

तुम्ही विचारलंय की राज्याच्या बजेटमध्ये शालेय शिक्षणाची रक्कम दरवर्षी वाढलेली दिसते, तरी तुमच्या गावातल्या जिल्हा परिषद शाळेची खोली तीन पावसाळे गळतेय, हे कसं काय. मी चार वर्षं आमच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत होतो, त्यातली दोन वर्षं अध्यक्ष, आणि हाच प्रश्न घेऊन पंचायत समितीत बऱ्याच खेपा घातल्यात, म्हणून जे कळलं ते सांगतो.

पहिलं म्हणजे त्या मोठ्या आकड्यातला बहुतेक पैसा पगाराचा असतो. झेडपीच्या शिक्षकांचा पगार राज्य सरकार देतं, अनुदानित खाजगी शाळांचाही तेच देतं, वर पेन्शन आहे. महागाई भत्ता वाढला की आकडा आपोआप फुगतो आणि शाळेत एक बेंचसुद्धा वाढलेला नसतो. यात शिक्षकांचा काही दोष नाही, पगार वेळेवर मिळायलाच हवा. पण बजेट वाढलं म्हणजे शाळेला मिळालं असं धरून चालू नका.

दुसरं, आणि मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, मार्चमध्ये विधिमंडळात मंजूर होते ती तरतूद, पैसे नव्हेत. वित्त विभाग वर्षभर टप्प्याटप्प्याने निधी सोडतो, ऑफिसात गेलात की ऐकायला मिळतं 'बीडीएस (म्हणजे निधी वाटपाच्या ऑनलाइन प्रणालीतून येणारी रक्कम) आली नाही अजून', त्याचा अर्थ हाच. 2020 मध्ये लॉकडाऊन लागलं तेव्हा 4 मे च्या शासन निर्णयाने त्या वर्षीच्या तरतुदीतला फक्त 33 टक्के निधी मिळेल असं ठरवून टाकलं होतं, म्हणजे बजेट पास झालेलं, पुस्तकात आकडा छापलेला, आणि हातात तिसरा हिस्सा. उलटंही होतं, शासन निर्णय निघतो पण तरतूदच नसते. अंशतः अनुदानित शाळांना (ज्यांना सरकार पगाराचा काही टक्केच भाग देतं) अनुदानाचा पुढचा वाढीव टप्पा देण्याचा निर्णय ऑक्टोबर 2024 मध्ये निघाला आणि पैशाची तरतूद व्हावी म्हणून शिक्षकांना जुलै 2025 मध्ये भर पावसात आझाद मैदानावर बसावं लागलं.

तुमच्या शाळेला थेट जे पैसे येतात ते बहुतेक समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या योजनेतून. त्यात केंद्राचे 60 आणि राज्याचे 40 टक्के, आणि राज्याने आपला वाटा वेळेत टाकला नाही तर केंद्राचा पुढचा हप्ताही अडकतो, म्हणजे एका उशिराचे दोन उशीर होतात. यातलंच संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं, 30 पर्यंत मुलं असतील तर वर्षाला 10,000 आणि 31 ते 100 असतील तर 25,000 रुपये. आता बघा, आमचा पट एका वर्षी 34 वरून 29 वर आला, पाच मुलं कमी झाली आणि 15,000 रुपये गेले. लाइट बिल तेवढंच, खोल्या तेवढ्याच, फळ्याला रंग तेवढाच लागतो! सुविधा कमी म्हणून पालक मूल काढतात, मूल काढलं म्हणून अनुदान कमी, संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात त्यात) शिक्षकाचं पद धोक्यात, मग आणखी दोन पालक इंग्लिश मिडियमची व्हॅन बघतात. लहान शाळा अशी हळूहळू मरते आणि त्याचा राग येतो मला, कारण हे सगळं नियमानुसारच होत असतं.

शिवाय ही रक्कम येते कधी? एका वर्षी आमच्या शाळेची लिमिट, म्हणजे खर्च करायला मिळणारी रक्कम, पडली मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, आणि 31 मार्चला खर्च दाखवला नाही तर ती परत जाते. पावसाआधी लागणारे छताचे पत्रे मार्चअखेर घेऊन काय करायचं, आणि वर्षभर खडू, झाडू, झेरॉक्स मुख्याध्यापकांनी खिशातून घातलेलं. 25,000 जूनमध्ये मिळाले तर त्यांची किंमत वेगळी, मार्चमध्ये वेगळी.

आणि कात्री लागते ती कुठे, तर ज्याच्यासाठी मोर्चा निघत नाही तिथे. जानेवारी 2025 मध्ये पोषण आहारातल्या अंड्यासाठीचा राज्याचा निधी बंद केला आणि शाळांना सांगितलं की लोकसहभागातून करा. ज्या गावात मुलांना अंड्याची सगळ्यात जास्त गरज तिथेच लोकसहभाग सगळ्यात कमी जमतो, हे सांगायला काय तज्ज्ञ लागतो का.

तुमच्या गळक्या खोलीचं मात्र वेगळं आहे. खोली दुरुस्ती आणि नवीन खोल्या यांचा पैसा बऱ्याचदा जिल्हा नियोजन समितीकडून येतो, पालकमंत्री अध्यक्ष असतात ती समिती. तिथे जिल्हाभरातून यादी जाते आणि तुमच्या शाळेचं नाव यादीत नसेल तर बजेट कितीही वाढो, काही होणार नाही. खोली धोकादायक असेल तर आधी निर्लेखनाचा, म्हणजे ती खोली सरकारी नोंदीतून काढून टाकण्याचा, प्रस्ताव करून घ्या, जुनी खोली कागदावर उभी असेपर्यंत नवीन मंजूर होताना फार अडतं. आमचं दीड वर्ष यातच गेलं कारण कोणी सांगितलंच नव्हतं.

तर आत्ता करण्यासारखं म्हणजे, मुख्याध्यापकांकडे यू-डायसचा (शाळेची माहिती सरकारकडे दरवर्षी भरतात तो) फॉर्म बघायला मागा. त्यात पट आणि खोल्यांची अवस्था बरोबर भरलीये का बघा, आमच्या फॉर्ममध्ये गळकी खोली 'चांगली' म्हणून लागली होती. मग व्यवस्थापन समितीचा ठराव, सोबत फोटो, आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसची पोच घ्याच. ग्रामपंचायतीचा आराखडा ठरतो त्या ग्रामसभेलाही जा, वित्त आयोगाच्या अबंधित (ठराविक कामाला न बांधलेल्या) निधीतून किरकोळ दुरुस्ती बसवता येते, आमचे पत्रे शेवटी तिथूनच बदलले. मार्चची वाट बघू नका, यादी त्याच्या कितीतरी आधी बनते.