एक तरी गोष्ट तिथे ठरव

तुझा रात्री दीडचा मेसेज सकाळी वाचला. फोनवरच उत्तर देणार होतो, पण माझी बोटं जाड आणि राग त्याहून जाड, म्हणून लॅपटॉप उघडून पत्रच लिहायला बसलो. आणि आधी ते ‘सर’ बंद कर. आपल्या शनिवारच्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या बैठकीत सर कोणी नाही. तीस खुर्च्या आहेत, एक मिक्सर आहे आणि प्रत्येकाला पंधरा मिनिटं आहेत.

तू लिहितेस की चौथ्या मिनिटाला क्लॉक, म्हणजे यंत्रांना एका लयीत बांधणारा सिग्नल, सुटला, घाबरून लॅपटॉपवरची तयार फाइल लावली, उरलेली अकरा मिनिटं कशालाच न जोडलेले नॉब फिरवत राहिलीस, आणि टाळ्या सगळ्यांत जास्त तुलाच पडल्या. मग लाइव्ह वाजवायचंच कशाला?

अगं, आम्हाला कळलं होतं. सहाव्या मिनिटाला तू फिल्टर पूर्ण बंद केलास, तेव्हा आवाज दबायला हवा होता, पण तो होता तसाच राहिला. मागच्या रांगेतल्या दोघांनी माझ्याकडे बघितलं. टाळ्या वाजवल्या कारण तू रडायच्या बेतात होतीस आणि पहिल्याच खेपेला कोणाला रडवायची आमची पद्धत नाही. तेव्हा टाळ्यांचा हिशोब सोड.

फाइल लावल्याचा राग नाही. फाइल लावल्यावर पुढची अकरा मिनिटं तू काहीच ठरवलं नाहीस, याचा आहे. एक तरी गोष्ट तिथे ठरवायची, लोकांसमोर. बाकी सगळं घरून आण, माझी हरकत नाही.

हे मी कुठून शिकलो ते सांगतो, कारण मी ते काही नीट शिकलेलो नाही. नव्वदीच्या शेवटी मी एका ऑर्केस्ट्रात कीबोर्डवर होतो. गणपती, लग्नं, वाढदिवस. मग फ्लॉपीवाला कीबोर्ड घेतला. पन्नासेक गाणी भरून ठेवली, बटण दाबायचं आणि आवाज खाली घेतलेल्या कीजवर बोटं नाचवायची. लोक म्हणायचे, काय हात आहे! मानधन वाढलं. वर्षभर हेच. एका गणपतीत गायिकेने अंतरा असा काही म्हटला की मांडवातून ‘वन्स मोअर’ आला. ती हसून अंतऱ्याच्या सुरुवातीला गेली. ढोलकीवाला तिच्यासोबत गेला. फ्लॉपी पुढे निघून गेली. ती एका जागी गातेय, माझ्या पेटीतून दुसराच अंतरा वाजतोय, आणि मी बोटं नाचवतोय. नाचवतच होतो! शेवटी ढोलकीवाल्याने हात लांब करून माझा कीबोर्ड बंद केला आणि दोघांनी गाणं पुरं केलं. तो मला काही बोलला नाही. पुढच्या कार्यक्रमाला मात्र माझ्याकडे पाठ करून बसला. त्यानंतरही मी दोन वर्षं फ्लॉपी वापरली, हे पण लिहून ठेवतो. घर चालवायचं होतं. घर हे कारण खरं होतं, पण तेवढंच नव्हतं, भीती वाटायची. आता तुला तिथे उभी बघून मला ती पाठ आठवली.

म्हणून म्हणतो, तयार असणं आणि तयार माल लावणं यात घोळ घालू नकोस. तू गाणं शिकलीस ना दहावीपर्यंत? बंदिश पाठच असते. ‘हे घरून पाठ करून आणलंय’ म्हणून बैठकीतून कोणी उठून जात नाही. सम कुठे आहे ते सगळ्यांना ठाऊक असतं. तिच्यावर कुठून यायचं ते गाणारा तिथे ठरवतो. यंत्रात भरून ठेवलेली, फिरून फिरून वाजणारी तुझी सोळा घरांची पॅटर्न म्हणजे बंदिशच आहे. रोलंडचं टीबी-303 घे. गिटार वाजवणाऱ्याला साथीला बेस मिळावा म्हणून काढलेलं यंत्र, चाललं नाही, 1984 मध्ये बंद झालं. जुन्या बाजारात स्वस्तात मिळालेलं तेच यंत्र घेऊन शिकागोच्या फ्यूचर या त्रिकुटाने काय केलं? पॅटर्न चालू ठेवली आणि आवाजाचा पोत बदलणारे कटऑफ, रेझोनन्सचे नॉब फिरवले. त्यांची तबकडी 1987 ला आली आणि तिथून अ‍ॅसिड हाऊस ही नाचाच्या संगीताची शैली. सूर तेच ते, ठरवणारा हात जिवंत. आपल्या मुंबईच्या चरणजित सिंगांनी तर 1982 मध्येच हे 303, 808 हे तालयंत्र आणि ज्युपिटर-8 हा सिंथेसायझर यांवर राग वाजवून ठेवले होते. तेव्हा कोणी विचारलं नाही. 2010 मध्ये ती तबकडी पुन्हा निघाली आणि सत्तरी ओलांडलेला तो माणूस युरोपात जाऊन वाजवून आला.

तुझ्या मेसेजमधलं एक वाक्य मला खटकलंय: ‘आपल्याकडे याची परंपराच नाही.’ लालबाग-गिरगावात विसर्जनाला कधी गेलीस का? बेंजो पार्टीतला ऑक्टोपॅडवाला बघ. गळ्यात नाही, गाडीवर स्टँडला आठ पॅड, दोन काठ्या. समोर नाचणारी पोरं दमली की तो लय खाली आणतो, एखादा नवा घोळका घुसला की किट, म्हणजे आवाजांचा संच, बदलतो, बेंजोवाल्याला भुवईने खुणावतो, ताशा चढला की स्वतः मागे सरकतो. ऑक्टोपॅड 1985 मध्ये आला. आपल्या लोकांनी तो रस्त्यावर नेला आणि दर दोन मिनिटांनी त्यावर काहीतरी ठरवत गेले. ते इलेक्ट्रॉनिक नाही? ते लाइव्ह नाही? त्यांच्या हातात वाइनचा ग्लास नाही म्हणून नाही का?

असो, चढला माझा आवाज.

लाइव्ह कोडिंगवाली, म्हणजे लोकांसमोर प्रोग्राम लिहून संगीत वाजवणारी मंडळी तर आपला स्क्रीन भिंतीवर टाकतात. 2004 मध्ये हँबुर्गमध्ये टॉपलॅप ही त्यांची संघटना जमली तेव्हापासून त्यांचा आग्रह हाच, की स्क्रीन दाखवा. मेक्सिको सिटीत कोरा स्क्रीन आणि नऊ मिनिटं अशा बैठका व्हायच्या. तुला एवढ्यात तसलं काही करायला सांगत नाही. तुझा एक हात मोकळा ठेव, बस.

डीजेच्या भानगडीबद्दल तूही ऐकलं असशीलच. गेल्या वर्षी एकाला मी यादीतून काढलं, त्यानंतर चारजण यायचे बंद झाले. डीजेसुद्धा लोकांकडे बघून पुढचं गाणं ठरवतो, असं तुम्ही पोरं म्हणता. पटतं. खरंच पटतं. पण त्याने पंधरा मिनिटांचं सलग मिसळलेलं पेनड्राइव्हवर आणलं होतं आणि वर हेडफोन कानाला लावून उभा राहणार होता. मला माझीच बोटं दिसली. कदाचित मी अन्याय केला. तरी पुन्हा आला तर पुन्हा काढीन.

आता तुझ्या क्लॉकचं. मिडी ही वाद्ययंत्रांची आपसात बोलायची भाषा, आणि मिडी क्लॉक म्हणजे एका ठोक्यात चोवीस टिकटिक. वायर हलली की ऐकणारं यंत्र भांबावतं. सुटला तर सुटू दे. मिक्सरवरचा लॅपटॉपचा फेडर खाली घे, ग्रूव्हबॉक्सला, म्हणजे तुझ्या ताल वाजवणाऱ्या यंत्राला, स्वतःच्या टेम्पोवर टाक आणि नुसता किक, म्हणजे ड्रमचा जाड ठोका, वाजू दे. सोळा मात्रा. लोकांना वाटेल तू मुद्दाम मोकळं केलंस. तेवढ्यात ठरव: हायहॅटची बारीक झांज आणायची, की किकही काढून टाकायचा? दोन्ही बरोबर. फाइल पाहिजे तर फाइलही लाव, पण मग तिच्यावर काहीतरी वाजव, तिला मध्येच काप, लोकांच्या तोंडावर थांबव. आणि हो, तुझं वाजवून झालं की बाहेर जाऊन रडण्यापेक्षा पुढच्याचं ऐकायला थांब. त्या दिवशी तुझ्यानंतर एक निवृत्त एसटी कंडक्टर इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याला डिले, म्हणजे प्रतिध्वनी, लावून बसला होता. हुकलं तुझं ते.

येत्या शनिवारी साडेपाचला ये, सहाला सुरू करू. दहाला स्पीकर बंद व्हायलाच हवेत, नाहीतर हॉलवाले आजोबा मला आत घेणार नाहीत. फळ्यावर तुझं नाव तिसरं लिहिलंय. ग्रूव्हबॉक्स यूएसबीने जोडू नकोस, मागच्या वेळी लॅपटॉपची ती चींऽऽ त्याच्यामुळेच येत होती. तुझ्या ऑडिओ इंटरफेसला पाच पिनांचा मिडी आहे, ती वायर आण. नसली तर माझ्याकडे दोन आहेत, एक जराशी लूज आहे, ती मी घेईन.