ईमेल जुळला म्हणजे माणूस तोच, असं नाही

वर्डप्रेस या वेबसाइट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या लॉगिन प्लगइनमध्ये (म्हणजे वरून जोडलेल्या भागात) बाहेरच्या सेवेतून येणाऱ्यांची दुसरी खाती तयार होतात, म्हणून ईमेल जुळला की जुन्या खात्याला आपोआप जोडून टाकू, असं तुम्ही लिहिलंय. जरा थांबा. मीही नेमकं हेच केलं होतं.

ओऑथची, म्हणजे दुसऱ्या सेवेच्या खात्याने लॉगिन करू देणाऱ्या पद्धतीची, जोडणी वगैरे तुम्हाला येतच असणार, ते सोडतो.

माझ्या प्लगइनमध्ये तीन सेवांची बटणं होती. दोन सेवा ईमेलची खातरजमा केल्याशिवाय कुणाला पुढे जाऊ द्यायच्या नाहीत. तिसरीत वाटेल तो पत्ता टाकून खातं उघडता यायचं, आणि ती तो पत्ता जसाच्या तसा आमच्याकडे पाठवायची. एके दिवशी एका साइटवाल्याचा निरोप आला: मी न लिहिलेली पोस्ट माझ्या नावाने कशी? कुणीतरी त्याचाच ईमेल टाकून तिसरीकडे खातं उघडलं होतं आणि आमचं बटण दाबून थेट ॲडमिन म्हणून आत शिरलं होतं. मी मात्र चार दिवस 'पासवर्ड फुटला' हेच धरून बसलो. बिचाऱ्याने दोनदा पासवर्ड बदलला. वर्डप्रेसमध्ये पासवर्ड बदलला की जुनी कुकी (ब्राउझरमधली लॉगिनची खूण) मरते, पण शिरणाऱ्याला काय, तो पुन्हा बटण दाबून हजर!

त्या सेवेच्या सपोर्टला तीन मेल टाकल्या. उत्तर एकच: हे असंच चालतं, डॉक्युमेंटेशन पाहा. पाहिलं. ईमेलची खातरजमा होत नाही, अशी अगदी तळाशी एक ओळ होती. संताप झाला, पण ती ओळ आधी वाचायचं काम माझंच होतं, हेही खरं.

माझं मत, आणि मी काही सुरक्षातज्ज्ञ नाही: ईमेल ही ओळख मानूच नका. ओपनआयडी कनेक्टमध्ये (ओऑथवर उभ्या लॉगिनच्या मानकात) 'सब', म्हणजे त्या सेवेने माणसाला दिलेला आयडी, आणि 'इश्यूअर', म्हणजे ती सेवा, ही जोडीच कायम टिकणारी असते. ती यूजर-मेटात, म्हणजे वर्डप्रेसमधल्या खात्याच्या जादा माहितीत, ठेवा. जुनं खातं जोडायचं तर आधी जुन्या पासवर्डने लॉगिन करायला लावा, मगच जोडा. लोक कटकट करतील. करू देत. 'ईमेल-व्हेरिफाइड' (ईमेलची खातरजमा झाली आहे) हा सेवेकडून येणारा दावा तपासा, पण तो पाठवणाऱ्यावर तुमचा भरवसा असेल तरच त्याला अर्थ आहे.

आणि ही दुरुस्ती असलेलं अपडेट काढलं की काम झालं, असं समजून गप्प बसू नका. 'मला लक्षात ठेवा' वाली कुकी 14 दिवस चालते, म्हणजे आत असलेला आतच राहतो. आधीच्या आपोआप झालेल्या जोडण्या पुसा, मग सगळ्यांची सेशन्स (चालू लॉगिन) मोडा. हे केल्यावर मला एक-स्टार रिव्ह्यू बरेच आले, ती तयारी ठेवा.

जाता जाता: कुणाला अडवायचं असेल तर ऑथेंटिकेट फिल्टरवर (वर्डप्रेस लॉगिन तपासतं त्या टप्प्यावर) 20 नंतरची प्रायॉरिटी घ्या; हा क्रमाचा आकडा, लहान आधी चालतो. 10 वर एरर परत केलात, तरी 20 वर कोअरची (वर्डप्रेसची स्वतःची) पासवर्ड तपासणी चालते आणि पासवर्ड बरोबर असला की तुमची एरर पुसून त्याला आत घेते. यात माझी एक अख्खी रात्र गेली आहे.